नखाखाली

केच्केमेतच्या वाळूत जर्दाळू असाच मरतो:
फळं धरलेली असताना, ऐन जूनमध्ये,
सकाळी पानं टवटवीत, संध्याकाळी ओल्या फडक्यासारखी.
आम्ही त्याला गुता म्हणतो.
माणसाला झटका येतो, तोही गुताच.
एका शब्दात दोघांचं भागवलंय आमच्या भाषेनं.

पण एकाएकी काही नसतं, देझो म्हणायचा.
झाड आधी सांगतं.
फेब्रुवारीत, कुंपणावर बर्फ असताना
एकाच फांदीला पानं फुटली, फुलांच्याही आधी.
शेजारची योलान कौतुकानं बघत राहिली,
हा मात्र टोपी काढून उभा,
मयताच्या घरी थांबावं तसा.
मग एप्रिलात झाड बहरलं ते वेड्यासारखं.
"इतकं फुलणं बरं नव्हे," म्हणाला,
"ही देणी चुकती करायची घाई आहे."

मला शिकवायचा:
डिंक जखमेवर आला तर ठीक,
धडधाकट सालीतून पाझरला तर नाही.
बुंध्याशी भुसा दिसला की वाक, भोक शोध.
पान कडेनं वळलं, हातात कुरकुरलं,
तर पाण्याला दोष देऊ नकोस.
सुरीच्या मुठीनं खोड ठोकत जा,
रिकाम्या पिंपाचा आवाज कुठून सुरू होतो ते ऐक.
आणि शंका आली तर नखानं साल खरवड.
हिरवं, म्हणजे आहे.
तपकिरी, म्हणजे थोडं खाली जा.

हॉस्पिटलात त्या पोरसवदा डॉक्टरणीनं विचारलं,
आधी काही लक्षणं?
मी म्हणाले, फेब्रुवारीत पानं.
तिचं पेन थांबलं.
घरी आल्यावर आठवलं:
शर्टाचं वरचं बटण महिनाभर उघडंच होतं.
कॉफी बशीत सांडायची, दर वेळी उजवीकडे.
मी बशी पुसत होते.

आता त्याच्याकडे एकच शब्द उरलाय: उद्या.
पाव हवा तरी उद्या, खिडकी लाव तरी उद्या,
मला हाक मारतो तीही उद्या.

ऑगस्टात योलानचा मुलगा करवत घेऊन आला.
वाळूत खुर्चीची चाकं रुतली,
शेवटची चार पावलं त्यानंच देझोला उचलून नेलं.
डाव्या हाताचा अंगठा सालीवर.
तपकिरी.
खाली, तपकिरी.
कलमाच्या गाठीपर्यंत तपकिरीच,
आणि गाठीखाली, मातीला लागून,
नख ओलं झालं.

तो काही जर्दाळू नव्हे, मला ठाऊक आहे.
खालचं खुंट रानटी आलुबुखारचं,
वर आलंच तर बोराएवढी आंबट फळं देईल,
मुरंब्यालाही नकोत अशी.
त्यालाही ठाऊक आहे.
कलम त्यानंच तर बांधलं होतं.

"उद्या," तो म्हणाला.
मुलानं माझ्याकडे पाहिलं: कापू, की नको?
मी देझोचा अंगठा हातात घेतला.
नखाखाली हिरवं होतं, थोडी वाळू होती.
नख बरंच वाढलं होतं.
कापायला झालं होतं.