कानाची खूण

रोवानिएमीच्या ऑफिसात माझं काम एवढंच:
रेनडिअरच्या मालकांची नोंदवही सांभाळायची.
चार हजार दोनशे सहा मालक
आणि प्रत्येकाची एक खूण.
डाव्या कानाला वरून दोन खाचा,
उजव्याचं टोक छाटलेलं, खालून एक आकडी.
नाव हलकं. खुणेचं चित्र जड.
यादी उघडली की नावांमागोमाग
सगळी चित्रंही यायची,
एकाला जेवायला बोलवावं
आणि अख्खं बिऱ्हाड दारात उभं राहावं, तशी.
अकरा सेकंद.

मी चित्राच्या फील्डवर लिहिलं: आळशी.
म्हणजे कुणी मागितल्याशिवाय जागचा हलू नकोस.
फ्रेमवर्कने वाचलं, मान डोलावली
आणि पुन्हा सगळी चित्रं आणली.
पालथ्या घड्यावर पाणी.

इल्पो म्हणाला, नुसतं सांगून भागत नाही,
कान कातरावे लागतात.
क्लास कंपाइल होऊन बाहेर पडला
की बिल्डमध्ये आणखी एक पायरी घाल.

घातली. मग तयार फाइल उकलून पाहिली.
माझ्या चार ओळींच्या शेजारी
दोन-दोन डॉलरची चिन्हं लावलेल्या
अनोळखी मेथड बसल्या होत्या.
मी लिहिलं होतं: चित्र दे.
आता तिथे होतं: थांब. आलंय का?
नसेल तर डेटाबेसकडे जा, घेऊन ये, मग दे.
नाव तेच, चेहरा तोच.
बाहेरून हाक मारणाऱ्याला काही कळणार नाही.

यादी अर्ध्या सेकंदात.

शुक्रवारी कोलारीहून फोन, पान कोसळलंय.
सेशन मिटल्यावर कुणीतरी चित्र मागितलं होतं.
वस्तू हातात आहे, नाव वाचता येतंय,
फक्त विचारायची वाट बंद.
ते दुरुस्त करायला लॉग चाळत बसले
तेव्हा दिसलं:
दोन हजार तीनशे सोळा क्रमांकाचं चित्र
तीन वर्षांत एकदाही कुणी मागितलेलं नाही.
नाव माझ्या आईचं.
माझ्याच कोडने शिस्तीत झाकून ठेवलेलं.
मीही उघडलं नाही. खिडकी बंद केली, घरी गेले.

जूनअखेर मामाकडे. रात्रीचा दीड,
सूर्य टेकडीवर बसून राहिलेला,
डासांसाठी पेटवलेल्या ओल्या फांद्यांचा धूर.
आन्तेमामा गुडघ्यांत वासरू धरतो,
सुरी दोनदा फिरते,
कानाचा तुकडा खिशात जातो, हिशेबासाठी,
आणि वासरू धावत आईकडे.
ती हुंगते. तेच आहे. पाजते.

मामाला मी ओळखते चाळीस वर्षं.
विचारलं तर उत्तर देतो,
विचारलं तेवढंच,
आणि मी आयुष्यभर ताकाला जाऊन भांडं लपवलेलं.
पण त्या रात्री धुराने डोळे असेही वाहतच होते,
म्हटलं, मामा,
आई औलूला दुकान थाटायला गेली,
मग तिच्या खुणेचं काय झालं?

त्याने सुरी पँटला पुसली.
उजव्या खिशातून तुकड्यांची मूठ काढली,
फळीवर ओतली. एकशे बारा.
मग छातीचा खिसा उघडला, वेगळा,
बटण लावलेला,
आणि एकच तुकडा माझ्या तळहातावर ठेवला.
अजून ओला. केस पांढुरके.

दर उन्हाळ्यात एक, तो म्हणाला,
तिच्या खुणेचं.
आता अठरा आहेत तिकडे, तलावापलीकडे.
दोन लांडग्याने नेली.

सांगितलं का नाहीस?

विचारलंस कधी?

कुंपणापलीकडून कुणीतरी त्याला हाक मारली.
तो उठायच्या आत
मी घाईघाईने विचारलं,
आईला माहीत आहे?