मागची आवृत्ती

लॅमिंग्टन रोडला, चष्म्याच्या दुकानावरच्या माळ्यावर
जाबीर परकार बसतो. मूळचा बाणकोटचा.
लॅपटॉप उलटा करून त्यानं खालची लेबलं वाचली.
"मॅडम, तीन आठवड्यांचं बाळ आहे हे.
ह्याला म्हातारं करायचं?"

करायचं.

निहारनं हप्त्यांवर घेऊन दिलाय.
पहिल्यांदा उघडला तेव्हा त्यानं माझा चेहरा मागितला,
मान डावीकडे, मान उजवीकडे,
आणि ओळख पटल्यासारखा उजळला.
आवडलं मला, खोटं कशाला बोलू.
पण माझ्या डोंगलला त्यानं ओळख दाखवली नाही.

बावीस वर्षं त्या डोंगलच्या जिवावर टाइप केलंय:
मुंजी, बारशी, सोसायट्यांच्या नोटिसा,
मंडळांचे ताळेबंद (नेहमी आदल्या रात्री),
वेसाव्याच्या भांजींच्या आईचं पुण्यस्मरण, दरवर्षी, चौकट दोन पॉइंट.
नव्यात ती फाइल उघडली तर
आईच्या जागी अधिकचं चिन्ह,
शेजारी डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला कुणी फिरंगी ई.
लोक म्हणतात, नवे फाँट वापर, फुकट मिळतात.
मिळतात. त्यांचा ल दांडीला लटकलेला असतो,
आपल्यासारखा दोन पाकळ्यांचा नाही.
भांजींना तो चालणार नाही. मलाही.

"वॉरंटी जाईल," जाबीर म्हणाला.
जाऊ दे.
"वायफायचं सांगू शकत नाही. कॅमेरा तर नक्की जाणार.
जुन्यासाठी कंपनी ड्रायव्हर लिहीतच नाही आता."

त्यानं सुरक्षिततेचं कुलूप काढलं,
पेन ड्राइव्ह खोचला, निळा पडदा आला,
आणि माऊस मेला.
बाण मधोमध उभा, ढिम्म.
"जुन्याला ही नवी भोकं माहीत नाहीत," तो म्हणाला,
"घराला दार आहे हेच त्याला ठाऊक नाही."
मग ते दार त्याला शिकवण्यात पाऊण तास गेला.
पलीकडे एक पोरगा फोनच्या पोटात डाग देत होता,
राळेचा वास, दोन कटिंग,
चष्मेवाल्याचं खालून कुणाला तरी विचारणं:
आता? आणि आता? आधीचं बरं की हे?

पुढे माऊस हलला. डिस्कचे पाच तुकडे दिसले.
कंपनीनं राखून ठेवलेला एक, नावाशिवायचे दोन.
जाबीरनं लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.
"हे बटण गिऱ्हाइकानंच दाबायचं. मागे एकदा भांडण झालंय."

तेव्हा आठवलं,
निहारनं पडद्यावर लावलेला फोटो
मी कुठे उतरवून घेतला नव्हता.
पहिल्या दिवशीचा, खोका हातात धरून आम्ही दोघं,
माझे डोळे मिटलेले.
त्याच्या फोनात असेल. असेलच.

दाबलं.

दुपारी चारला तो उठला.
अक्षरं जाडी, चित्रं फुगलेली, आवाज नाही,
पडद्यावर एकटी कचऱ्याची टोपली.
डोंगल लावला. हिरवा दिवा लागला.
भांजींची आई आली, चौकटीसकट, पदरासकट,
'वाऱ्यावर' मधला अर्धा र आपल्या जागी.

तेवढ्यात निहारचा फोन.
"चेहऱ्यानं उघडतो ना गं नीट? का आडेवेढे घेतो?"
जाबीरनं मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.
मी म्हटलं, आता नाव विचारतो.
"कुणाचं?"
माझंच. घरी आलास की सांगते.

जाबीरनं सातशे सांगितले.
मग म्हणाला, "पन्नास कमी द्या,
मला एक पाटी करून द्या, तुमच्या त्या जुन्या अक्षरात.
गिऱ्हाइकं ऐकत नाहीत, वाचतील तरी."

तिथंच, स्टुलावर बसून टाइप केली:
गेलेला डेटा परत मिळणार नाही.
बहात्तर पॉइंट, मधोमध, खाली त्याचा नंबर.
दोन्ही ल नीट आले.