पान सहा, ओळ चौथी

साताऱ्याच्या कोर्टाबाहेर, झेरॉक्सच्या टपरीला लागून
माझं टेबल. त्याचा एक पाय आखूड,
खाली जुन्या बोर्डाच्या कागदाची घडी.
मराठीचं इंग्रजी करून देतो.
पानामागे साठ रुपये.
शब्द निवडायचे वेगळे घेत नाही.
कुणी देणारही नाही.

आज गजराबाई मदने यांचा जबाब, हायकोर्टात जायचाय.
पान सहा, ओळ चौथी :
‘सन दोन हजार नऊ साली नवरा मला सोडून गेला.’

सोपं आहे. लेफ्ट.
रोज किती माणसं लेफ्ट होतात,
नोकरीतून, भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपातून,
स्टँडवरून दहिवडी गाडीसुद्धा लेफ्ट होते,
तिच्यावर कुणी दावा लावत नाही.

बर्गेवकील म्हणाले, डेझर्टेड घाला,
कायदा त्यालाच ओळखतो.
दोन वर्षं, कारण नाही, संमती नाही, परतायचा इरादा नाही,
एवढं सगळं त्या एका शब्दाच्या पोटात मावतं.
घातला. मग स्पेलिंग दोनदा तपासलं,
एक एस जादा पडला तर जेवणानंतरचं गोड होतं त्याचं.
एस एकच होता.
म्हणजे आत वाळवंट होतं.
बाई माण तालुक्यातली,
तिला वाळवंट समजावून सांगायची गरज नव्हती.

मला मात्र तो शब्द पलटणीतला वाटत राहिला,
रात्रीत बंदूक टाकून पळालेल्या शिपायाचा.
अबॅन्डन्ड करून बघितला.
तो रस्त्याकडेला गंजलेल्या जीपचा,
पाणी न लागलेल्या विहिरीचा.
आणि गजराबाई तर समोर बाकावर बसलेल्या,
पिशवी मांडीवर, दोन्ही टाचा जमिनीत रोवून.

शेवटी विचारलंच.
बाई, सोडून गेला म्हणजे नेमकं कसं?

‘कसं म्हंजी?
सकाळच्या पारी बकरी मोजली त्यानं.
छप्पन भरली.
मला म्हणला, हिशेब बराबर हाय न्हवं?
म्या म्हणलं, हाय.
मग गेला.’

टाकलं, असं म्हणायचं का?

‘टाकायला मी काय उष्टं हाय?
त्यो गेला. मी ऱ्हायले.
एवढंच लिवा.’

एवढंच.
गेला-ला अडचण नव्हती.
ऱ्हायले-वर माझी कळफलकावरची बोटं थांबली.
रिमेन्ड लिहिलं की बाई उरतात,
पातेल्याच्या बुडाला भात उरतो तशा.
लेफ्टमध्येही हाच दगा आहे :
गेलेल्यालाही तोच, उरलेल्यालाही तोच.
स्टेड लिहिलं की त्या थांबतात,
ठरवून, छप्पन बकऱ्यांसकट.

ओळ चौथी वकिलांची. तिथं डेझर्टेडच ठेवला,
खालती मला ‘खरं भाषांतर’ म्हणून सही करायची असते
आणि खटला बाईंना जिंकायचा होता.
पण ओळ पाचवी होती :
‘तेव्हापासून मी तिथेच राहिले आहे.’
तिथं माझी मी निवड केली.
हायकोर्टात कुणाचा डोळा तिथं अडेल असं नाही.
वाचायला फार असतं त्यांना.

सहावं पान अर्धंच होतं, तीनशे तीस सांगितले.
गजराबाईंनी पिशवीतून रुमाल, रुमालातून नोटा काढल्या,
थुंकी लावून एकेक मोजली,
टेबलावर ठेवली
आणि म्हणाल्या,
‘हिशेब बराबर हाय न्हवं?’

मला एकदम उत्तर देववेना.
मग म्हणालो, आहे.

त्या उठल्या. गेल्या.
इथं शोधाशोध करावी लागली नाही.
टेबल मात्र उगाचच हललं,
घडी जागेवर आहे का, वाकून पाहिलं.