टिंब

कुरेसारेच्या कचेरीत दुपारी तीनलाच दिवे लागलेत.
आल्विने काठी टेकून विचारते,
एन्देलशेजारची जागा अजून माझ्याच नावावर आहे ना?

मी 'कबरी' टेबलात एन्देल शोधतो.
शून्य ओळी.
बाई, तो कुठेच पुरलेला नाही.
"मग तीस वर्षं मी फुलं कुणाला वाहिली?"

तीन परगण्यांची मिळून एक नगरपालिका झाली,
तेव्हा डेटाबेस एकच केला आम्ही,
स्कीमा मात्र तीन ठेवले. तिन्ही पाद्री हट्टी.
आणि तिन्हींकडे टेबलाचं नाव तेच.
नुसतं 'कबरी' म्हटलं
की यंत्र पहिल्याच दारात डोकावतं,
पुढचं दार ठोठावायचं त्याला सुचत नाही.

"गाव कुठलं त्याचं?"
"वाल्गला. मी नीदिची, लग्न करून तिथं गेलेली."

वाल्गला, मग टिंब, मग कबरी.
एक ओळ. रांग नऊ, पाइनखाली.
शेजारची जागा राखीव,
पण कुणासाठी, तो रकाना रिकामा:
आल्विनेची नोंद अजून माहेरच्या स्कीमात,
आणि तिथं मला फक्त वाचायची मुभा.
जोडायचं तर अर्ज करावा लागेल.

ती पडद्यावरच्या टिंबावर बोट ठेवते.
"एवढंसंच?"
एवढंसंच.
बोट काही ती उचलत नाही.