परत आलेल्या वस्तूंची वही

वहीत रकाने तीन होते:
वस्तू, नेली कधी, परत आली कधी.
चौथा मी पट्टीने आखला, 'शेरा' म्हणून,
कारण जशीच्या तशी इथं काही परत येत नाही.

वॉकर क्रमांक दोन, दगडूबाई खिल्लारेंकडून.
चारी पायांना टेनिसचे पिवळे चेंडू,
ब्लेडने चिरून बसवलेले.
"फरशीवर घासायचा, आई दचकायची."
काढले नाहीत.
शेरा: सुधारून दिला.

व्हीलचेअर. उजव्या हातावर निळ्या पेनाने 'झोया'.
कुणाची कोण, विचारायचं राहून गेलं.

संस्था म्हणजे असल्फ्याच्या टेकडीवर दोन खोल्या.
खाली वस्तू, वर अभ्यासिका,
मधे लोखंडी जिना, त्यावरून
आजवर कुणाला गुपचूप चढता आलेलं नाही.
पाटीवरच्या 'मंडळ'चा अनुस्वार वाऱ्याने नेला,
तेव्हापासून आम्ही मडळ.
पाटीपेक्षा तांदूळ महाग, म्हणून चाललंय.

पाच तारखेला पिशव्या असतात.
पिशवीसाठी आलेली माणसं आधी पाण्याबद्दल बोलतात,
मग माझ्या गुडघ्याबद्दल,
मग निघाल्यासारखं करतात.
तिथं थांबायचं असतं, पंखा बघत.
एकदा मी घाईने विचारलं होतं, "किती जण घरात?"
ती बाई "सहज आले होते" म्हणाली
आणि पुन्हा कधी सहज आली नाही.
तिचं नाव वहीत नाही. मला पाठ आहे.

अभ्यासिकेला फी नाही. अट आहे:
महिन्यातून दोनदा ओझं वाहायचं.
रिक्षा शाळेपर्यंत येते, पुढं पायऱ्या दोनशे बारा.
कमोडची खुर्ची डोक्यावर उलटी घालून
पोरं वर जातात, खिदळत, सूत्रं घोकत,
आणि दाराशी पोचली की आपोआप
चपला काढतात, आवाजही.

रेवण भंडलकर. बारावी, गणितात दोनदा गेलेला.
गाठ मात्र अशी मारतो की ओझं हलत नाही.
बाप मशीद बंदरला हातगाडी ओढायचा, त्याची गाठ ती.

जानेवारीत त्यानं हवेची गादी काढली, क्रमांक एक.
"कुणाकडे?" मी पेन उघडत, सवयीनं.
पंपाची वायर गुंडाळत, वर न बघता,
"आमच्याकडे."

वरच्या खुर्च्यांची करकर थांबली.
जिना वाजला. निखत उतरली, नववीतली,
अंगानं काडी,
गादीचं दुसरं टोक तिनं उचललं.
पंप आणखी कुणी घेतला.
मी तारीख लिहिली, ती चुकली, खोडली.

सात आठवडे त्याच्या खुर्चीत कुणी बसलं नाही.
टेबलावर झेरॉक्स साठत गेल्या,
वर वजनाला पंचिंग मशीन.

मार्चात गादी आली. धुतलेली, डेटॉलचा वास,
कोपऱ्यात सायकलच्या ट्यूबचं ठिगळ.
कशी संपली ती रात्र, मी विचारलं नाही,
त्याच्या कापलेल्या केसांकडे पाहून
विचारण्यासारखं उरलं नव्हतं.
नेणारा: रेवण. पोचवणारा: रेवण. परत आणणारा: रेवण.
तिसरी सही रेघेखाली घसरलेली.

शेऱ्याच्या रकान्यात माझं पेन टेकून राहिलं,
शाईचा ठिपका मोठा होत गेला.
तोच म्हणाला,
"पंप रात्री फार वाजतो, ताई.
माणसाला कळतं की आपल्यासाठी वाजतोय.
तेल घातलंय."

लिहिलं: तेल घातलं आहे.

तो वर गेला. एकोणीस पायऱ्या, मोजल्या मी.
परीक्षेला बारा दिवस.
मग कागद चाळल्याचा आवाज, आणि निखतचा,
"हे प्रकरण सोपंय, ह्यापासून कर."

साडेसातला फोन आला, कातोडीपाड्यातून:
गादी मोकळी आहे का, आत्ता कुणी आणेल का वर?
मी म्हणाले, सकाळी पाठवते,
आज धुतलीय, ओली आहे.

हात फिरवून पाहिला.
कोरडी होती.