सूचना क्रमांक सात

करुणानं ओहायोहून आणलेलं ते धूड
आमच्या शरणपूरच्या ओट्यावर मावेना.
मिक्सर सरकवला, पिंप खाली उतरवलं,
तेव्हा कुठे टर्की तळायचं यंत्र बसलं.
ती परत गेली. यंत्र राहिलं.
मनोरमा म्हणाली, "ह्यात अख्खं वऱ्हाड तळून निघेल."

त्याला हवेत एकशे वीस व्होल्ट, आपल्याकडे दोनशे तीस.
छत्तीस वर्षं मी एकलहऱ्याला वीज बनवली,
हे मला कुणी शिकवायला नको.
माळ्यावरचा ट्रान्सफॉर्मर काढला, पुसला, जोडला;
पित्तानं जागलेल्या माणसासारखा
तो कोपऱ्यात कण्हत राहिला.

टर्की मिळाली कॉलेज रोडला, डीप फ्रीजरच्या तळाशी,
साडेपाच किलो, निव्वळ दगड.
ओट्यावर ठेवली तर ओटा वाजला.
ते दिवस निफाडला पारा पाचावर उतरल्याचे,
द्राक्षवाले रात्रभर बागेत शेकोट्या पेटवत होते
मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून.
आमची टर्की दोन दिवस बादलीत होती
आणि बादलीतलं पाणीच
तिच्याकडून थंडी शिकत होतं.

नाताळच्या दुपारी, चर्चहून आल्यावर,
घाण्याचं शेंगदाणा तेल ओतलं, सात लिटर
(भाव विचारू नका).
यंत्राचा लाल दिवा विझला, म्हणजे तापलं.
मेहुणा विल्यम बाह्या सारून उभा:
"सोडा आता, भावजी. वरून तर मऊ लागतेय."

मी पोटात हात घातला.
आत, बरगडीला चिकटून,
सुपारीएवढा बर्फ.

पुस्तिकेत सूचना क्रमांक सात, ठळक अक्षरांत:
गोठलेला पक्षी तेलात सोडू नये.
कारण दिलेलं नाही.
कारण मला ठाऊक आहे.
पाण्याची वाफ झाली की ती सतराशे पट जागा मागते,
आणि मागते म्हणजे
अर्ज करत नाही.
नव्वद सालची एक रात्रपाळी, एक गॅस्केट,
वसंत पगार.
सकाळी त्याचा डबा मीच घरी नेऊन दिला होता.
वांग्याची भाजी होती. झाकण उघडलेलं नव्हतं.

हे मी जेवणाच्या वेळी कुणाला सांगत नाही.
तेव्हाही सांगितलं नाही.
टर्की उचलून परत बादलीत ठेवली.

"वीजवाले साहेब घाबरले!" विल्यम हसला.
मनोरमा नाही हसली.
तिनं मुकाट्यानं करंज्यांची परात पुढे ओढली
आणि भाच्यांच्या हाती कातणं दिलं.
त्या संध्याकाळी टर्कीच्या जाळीतून
चौऱ्याऐंशी करंज्या वर आल्या,
काही फुटक्या, बऱ्याचशा गोऱ्या.
शेजारच्या टिल्लूकाकूंनीसुद्धा चार खाल्ल्या.
तेल तोवर शाकाहारीच होतं.

सत्तावीसला घर रिकामं झालं.
बोटं आतपर्यंत गेली, कुठे खडा नाही.
जुन्या पंचानं मी तिला आतून बाहेरून टिपली,
पंखांच्या काखा, मानेची घडी,
मग पुन्हा एकदा, पंचा बदलून.
जाळी आकड्याला लावून
बोट बोट खाली सोडली.
तेल बोललं, मोठ्यानं बोललं,
पण ओरडलं नाही.

चाळीस मिनिटं मी तिथंच उभा.
मनोरमानं स्टूल आणून ठेवलं.
म्हटलं, "पाळी सुटू दे."
ती गेली नाही,
दाराशी लसूण सोलत बसली.

बाजरीची भाकरी, ठेचा, आणि टर्की.
खरं सांगायचं तर छातीकडे जरा कोरडीच.
कातडी मात्र अशी
की दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

रात्री करुणाचा फोन.
"पप्पा, सोपं आहे ना ते? नुसतं बटण दाबायचं."
"हो," मी म्हटलं, "नुसतं बटण."
मनोरमा ओटा पुसत होती.
तोटीखालच्या पातेल्यात तेल अजून गळत होतं,
थेंबाथेंबानं,
आणि ट्रान्सफॉर्मरची पिन काढायची
आम्हा दोघांनाही आठवण राहिली नव्हती.