आठ बाय दहा

पाठाऱ्यांनी आधी फ्रेमा घेतल्या
मग फोटो मागितला.
बारा फ्रेमा, सोनेरी, आठ बाय दहा,
मनीष मार्केटात घासाघीस करून आणलेल्या.
लेकीच्या साखरपुड्याची आठवण, घरटी एक.

माझा कॅमेरा तीनास दोन बघतो.
त्याला आठ बाय बारा कळतं.
आठ बाय दहा म्हटलं की दोन इंच जातात,
आणि त्या दोन इंचांत, साहेब,
माणसं उभी आहेत.

स्क्रीन वळवली त्यांच्याकडे,
चौकट सरकवून दाखवली.
डावीकडून कापलं तर मुलीची आत्या जाते.
दोन्हीकडून एकेक इंच म्हणाल
तर दोघी अर्ध्या अर्ध्या राहतात,
ते आणखी वाईट दिसतं.
उजवीकडून...
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकले.
"ही होय? ही आमची शेवंता.
स्वयंपाकाला असते. चोवीस वर्षं झाली."
मग जरा थांबून, "फोटोत कशी आली?"

मला आठवतं कशी आली.
ओट्याशी हात पुसत उभी होती.
मुलगी म्हणाली, ये ना गं.
ती येईना, मग आली,
आणि मला दोन पावलं मागं सरकावं लागलं,
फ्रिजला पाठ टेकेपर्यंत.
माहीमची खोली ती, केवढी असणार.

"उजवीकडून काढा," पाठारे म्हणाले.
माणूस वाईट नव्हे.
फ्रेमा परत घेत नाहीत, एवढंच.

वरखाली पांढरी पट्टी सोडू का विचारलं,
सगळे बसतील, थोडे लहान होतील.
"कोऱ्या कागदाचे पैसे देऊ?"
आणि हसले. मीही हसलो.
गिऱ्हाईक हसलं की हसायचं असतं.

त्याच दुपारी कोळीवाड्यातून किणीबाई आल्या.
मोबाइलवर नवरा, नखाएवढा,
कुणीतरी कुणालातरी पाठवलेला,
पाठवता पाठवता झिजलेला.
त्यांना बारा बाय अठरा हवा होता.

एका इंचात तीनशे ठिपके लागतात, बाई.
यांच्या अख्ख्या तोंडाला मिळून साठ आहेत.
मूठभर तांदळात पंगत कशी उठवू?

शेठ मागून म्हणाले, ते नवीन सॉफ्टवेअर लाव.
लावलं.
फटाफट भरत गेला चेहरा:
पापण्या आल्या, मिशीचा केस न केस आला,
हसण्यात दातांची सबंध रांग आली, पांढरी सरळ.

बाई बराच वेळ बघत राहिल्या.
"दात यांचे नाहीत," म्हणाल्या.
"यांचा इथला अर्धा तुटलेला.
जाळं विणताना दोरी दातानं तोडायचे,
किती सांगितलं, ऐकलं नाही कधी."
नखाएवढ्या फोटोवर बोट ठेवलं,
जिथं दातच काय, तोंडही धड दिसत नव्हतं.
"हाच द्या. जेवढा होतो तेवढा."

पासपोर्टच्या मापाचा दिला.
पैसे घ्यायला विसरलो, शेठ बोलले.

रात्री शटर अर्धं ओढून
पाठाऱ्यांची फाइल उघडली.
तीनशेच्या तीनशे ठिपके शाबूत.
शेवंताच्या बांगडीवर पीठ लागलेलं दिसतं,
इतकं स्वच्छ.
जे नाही ते कुठून आणायचं, हा दुपारचा प्रश्न होता.
आता आहे, आणि कात्री माझ्या हातात.

चौकट धरली.
उजवीकडून दोन इंच, सांगितल्याप्रमाणे.
मग माउस थोडा ढकलला,
डावीकडची कड थोडी आत घेतली.
आत्याबाईंची पर्स गेली, एक कोपर गेलं,
त्यांना दुसरं आहे.
उजव्या टोकाला
हिरव्या पदराची उभी पट्टी राहिली
आणि त्यावर पीठवाला हात.

फ्रेमची कड पाव इंच खाते.
ते धरून
मी अर्धा इंच ठेवला.